यंत्र दोषी नव्हे

गणेशोत्सव जवळ आला की नायगावातील आमच्या काही कार्यकर्त्यांचा सांस्कृतिक संताप उफाळून येतो. डफ गेला, विजेच्या वाद्यांनी श्रमिकांची संस्कृती बुडवली, हा त्यांचा ठरलेला निष्कर्ष. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला तो मान्य होण्यासारखा नाही. यंत्र आणि यंत्राचा भांडवली वापर यांत मार्क्सने केलेला भेद हे मित्र संगीताची गोष्ट निघताच विसरतात.

१९८२ साल घ्या. जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्याच वर्षी याच मुंबईत चरणजीत सिंग या हिंदी चित्रपटसृष्टीतील वादकाने रोलंड कंपनीची नवी यंत्रे जुळवून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. पुढे शिकागोत जन्मलेल्या आणि १९८८ च्या सुमारास ब्रिटनला झपाटून टाकणाऱ्या ‘ॲसिड हाउस’शी त्या नादाचे विलक्षण साम्य आहे. येथे मात्र तबकडी खपली नाही. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा कोठे सत्तरी गाठलेल्या सिंग यांना युरोपातून बोलावणी आली. २०१५ मध्ये ते निवर्तले.

त्याच सुमारास ब्रिटनमध्ये ‘डिपेश मोड’ हा चौघा तरुणांचा वाद्यवृंद उदयास आला. त्यांचे बॅसिल्डन हे गाव मजूर सरकारच्या १९४६ च्या कायद्यान्वये वसवलेले. वाद्ये विजेचीच, परंतु ‘म्यूट’ या छोट्या स्वतंत्र कंपनीशी त्यांचा व्यवहार निम्म्या नफ्याचा होता. त्या पायावर त्यांची कारकीर्द चार दशके टिकली. (१९८३ साली त्यांनी कंपन्यांच्या हावरेपणावर गाणे रचले, १९८८ मध्ये अमेरिकेत ६० हजारांहून अधिक श्रोत्यांनी तिकिटे काढून ते गायले! भांडवलशाही स्वतःची निंदाही विकते.)

आमच्या चित्रपटसृष्टीत वादकाला ध्वनिमुद्रणाची मजुरी मिळे, हक्क कंपनीकडे राही. व्यापारी वापरातून कलावंताला स्वामित्वधन देणारी दुरुस्ती कायद्यात झाली ती २०१२ मध्ये. रात्रीच्या बिदागीवर कीबोर्ड नि ऑक्टोपॅड वाजवणाऱ्या गिरणगावातील पोराला ती कोणी समजावून सांगितली? त्याच्या वादनाची चित्रफीत मोबाइलवर फिरते. जाहिरातीचा पैसा ती चढवणाऱ्याच्या खात्यात जातो. हा वेतनाचा प्रश्न आहे, अभिरुचीचा नव्हे. त्याला नाके मुरडणाऱ्यांनी यंदा मंडपामागे जाऊन बँजो पार्टीतल्या पोरांची नावे लिहून घ्यावीत, आणि त्यांच्या संघटनेची पहिली सभा बोलवावी.