नोकरीची शाश्वती



शेतावर राबणाऱ्या मनुष्यास पावसाची, किडीची आणि कर्जाची भीती असते. परंतु 'उद्यापासून येऊ नकोस' असे आपले शेत आपणांस सांगेल, ही भीती त्यास नसते. आपल्या गावांतील मंडळी पगारावर कामास जाऊ लागली, तेव्हापासून ही नवी भीती आपल्या घरांत शिरली आहे. पगार वेळेवर येत असतो, कर्जाचे हप्ते फिटत असतात, आणि तरीही रात्री अंथरुणावर पडल्यावर घरधन्याच्या मनात एकच विचार घोळत राहतो: माझ्या जागी दुसरा कोणी आला तर? या भीतीविषयी आज चार शब्द लिहावेत असे आम्ही योजिले आहे.

निमित्त झाले ते एका गृहस्थांच्या प्रश्नाचे. बेळगावकडील एका फाउंड्रीत ते वीस वर्षांहून अधिक काळ साचे घालण्याचे काम करीत आहेत. साच्याची वाळू कितपत ओली असावी, हे त्यांना मुठीत कळते. मूठ आवळून उघडली की वाळूचा गोळा टिकला पाहिजे, आणि तो मोडला असता त्याची कड स्वच्छ राहिली पाहिजे. वाळू जास्त ओली झाली तर तप्त लोखंड ओतताच तिची वाफ होते व ओतीव भागात पोकळ्या राहतात. कोरडी राहिली तर साचाच ढासळतो. हे ज्ञान पुस्तकात वाचून हाती येत नाही. आता ठेकेदाराकडून आलेले दोन तरुण त्यांच्या हाताखाली देण्यात आले आहेत आणि 'यांना तयार करा' असा हुकूम झाला आहे. गृहस्थांनी विचारले, "फादर, सगळे शिकवू, की थोडे हातचे राखून ठेवू? पोरे तयार झाली की मला कोण विचारणार?"

वाचकहो, हा प्रश्न हलका नाही. त्यामागे बायकामुलांची चिंता आहे, आणि ती चिंता वाहणे हे घरधन्याचे कर्तव्यच आहे. म्हणून 'देवावर भरवसा ठेवा' एवढे सांगून त्यांना परत पाठविणे आम्हांस योग्य वाटले नाही.

प्रथम हे पाहू की, हातचे राखून ठेवल्याने नोकरी खरोखर टिकते काय? इंदूरची हुकुमचंद मिल १९९० नंतरच्या एक-दोन वर्षांतच बंद पडली. तेथे निष्णात विणकर होते, आणि नुकते लागलेले उमेदवारही होते. ज्यांनी आपली विद्या दुसऱ्यास दिली ते, व ज्यांनी ती लपविली ते, दोघेही त्याच फाटकातून घरी परतले. सुमारे ४,८०० कामगारांच्या थकलेल्या देण्यापोटी २२४ कोटी रुपये देण्याची व्यवस्था झाली, ती २५ डिसेंबर २०२३ रोजी, नाताळच्या दिवशी. तोवर त्यांतील कित्येक कामगार हयात नव्हते. गोव्याकडे पाहा. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून तेथील खाणकाम थांबले. त्या दिवशी उत्तम ट्रकचालक आणि सामान्य ट्रकचालक असा भेद उरला नाही. सर्वांचेच ट्रक दारात उभे राहिले. नोकरी जाण्याची कारणे बहुधा कारागिराच्या हाताबाहेरची असतात. शेजारच्या पोरापासून एखादी खूण लपविल्याने ती कारणे टळत नाहीत.

मग मनुष्याने कशाचा आधार धरावा? पहिला आधार न्यायाचा आहे. पोप लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ रोजी 'रेरुम नोवारुम' हे विश्वपत्र प्रसिद्ध करून कामगाराचा न्याय्य वेतनाचा व संघटना करण्याचा हक्क स्पष्टपणे मांडला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी तरुणपणी क्राकूव येथे दगडाच्या खाणीत व रसायनांच्या कारखान्यात मजुरी केली होती. १९८१ साली श्रमावर लिहिलेल्या विश्वपत्रात त्यांनी शिकविले की, काम मनुष्यासाठी आहे, मनुष्य कामासाठी नव्हे. सध्याचे पोप लिओ चौदावे यांनी मे २०२५ मध्ये हे नाव का घेतले हे सांगताना कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मानवी श्रमापुढे उभ्या राहिलेल्या आव्हानाचा मुद्दाम उल्लेख केला. मनुष्याकडे यंत्राचा सुटा भाग म्हणून पाहणे हे पाप आहे, आणि ते पाप पगार वेळेवर दिल्याने धुतले जात नाही, हे आपल्यातील जे कोणी मालक वा मुकादम असतील त्यांनी ध्यानी धरावे.

देशाचा कायदाही माहीत असावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार, सलग एक वर्ष काम केलेल्या कामगारास कपातीमुळे कमी करावयाचे झाल्यास त्यास एक महिन्याची नोटीस अथवा तेवढा पगार द्यावा लागतो, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई द्यावी लागते. त्याच प्रकारच्या कामावरील जो सर्वांत शेवटी लागला, त्यास सामान्यतः आधी कमी करावयाचे असते. म्हणून नेमणुकीचे पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या व भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब हे कागद बाप्तिस्म्याच्या दाखल्याप्रमाणे जपून ठेवा. कारखान्यात संघटना असेल तर तिच्यापासून दूर राहू नका.

दुसरा आधार घराचा आहे. कारखान्यातील जागा दुसऱ्याने भरून निघते, हे कडू असले तरी सत्य आहे. आम्हां धर्मगुरूंचीही बदली होते. दुसऱ्या दिवशी नवे फादर येतात, घंटा ठरल्या वेळी वाजते आणि मिस्सा होते. त्यात अपमान नाही. काम आपल्या मालकीचे नव्हते, एवढेच त्यावरून कळते. परंतु संध्याकाळच्या जपमाळेच्या वेळी बापाची जी जागा रिकामी राहते, तेथे ठेकेदार दुसरा माणूस पाठवू शकत नाही. म्हणून घरच्या मंडळींना आमची विनंती आहे की, चिंतेने ग्रासलेल्या मनुष्यास पगाराच्या आकड्याने मोजू नका. जादा कामाचे पैसे कायमचे येतील असे धरून लग्नाकार्यासाठी वा सणासाठी कर्ज काढू नका. आणि घरधन्यांनो, कारखान्यात काय चालले आहे ते पत्नीपासून लपवू नका. जी भीती एकट्याने रात्रभर उराशी धरली, ती दोघांनी बसून बोलल्यावर निदान हिशेबात मांडता येते.

आता त्या दोन तरुणांकडे वळू. ते शत्रू नव्हेत. ठेक्यावर आलेल्या मुलाची शाश्वती आपल्याहून कमी असते. वर्ष भरण्याआधीच त्यास दूर केले तर वर सांगितलेली भरपाईदेखील त्याच्या वाट्यास येत नाही. तोही कोणा आईचा मुलगा आहे, आणि वाळूची परीक्षा त्यास नीट शिकविली नाही, तर कदाचित त्याच्या अंगावर तप्त लोखंड उसळेल. त्या अपघाताचा भार अर्धवट शिकविणाऱ्याच्या मनावर जन्मभर राहील.

येथे संत योसेफाची आठवण होते. शुभवर्तमानात प्रभू येशूला सुताराचा पुत्र म्हटले आहे आणि सुतारही म्हटले आहे. म्हणजे पित्याचे कसब पुत्राच्या हाती आले. येशू बारा वर्षांचा असतानाच्या मंदिरातील प्रसंगानंतर संत योसेफ शुभवर्तमानात पुन्हा आपल्यासमोर येत नाहीत. ज्यास शिकविले, तोच त्यांच्या जागी उभा राहिला. तरी ख्रिस्तसभा त्यांना विसरली नाही. पोप पायस बारावे यांनी १९५५ साली १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफ यांचा सण म्हणून नेमून दिला.

म्हणून त्या गृहस्थांस आम्ही सांगितले: शिकवा, आणि पूर्ण शिकवा. मात्र शिकविण्याचे काम तुमच्याकडे सोपविले आहे हे लेखी मागा, आणि त्या कामास साजेसा हुद्दा व पगारही मागा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. मालक नाकारतील, हेही शक्य आहे. तसे झाले तर सोबत्यांशी बोला, आम्हांकडेही या. तुमच्या नोकरीची हमी आम्ही देऊ शकत नाही, आणि तसे खोटे वचनही देणार नाही. परंतु ज्याच्यावर नोकरी गमावण्याची पाळी येईल, त्याच्या घरी चूल पेटते की नाही, हे पाहणे साऱ्या धर्मग्रामाचे कर्तव्य आहे.

आपल्या शेजारी असे एखादे घर असेल, तर या रविवारी मिस्सेनंतर त्या घरी जाऊन यावे. श्रमिक संत योसेफ आपल्या सर्व कुटुंबांचा सांभाळ करोत.