सत्त्याऐंशी गुण, पण कशाचे?

गेल्या रविवारी अंबडला आमच्या शेजारच्या ताईंकडे चहाला बसलो होतो. ताई औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात माल तपासणीच्या कामावर आहेत. यजमान रात्रपाळी करून नुकतेच झोपले होते, म्हणून घरातला वाद हळू आवाजात चालला होता. मुलगा नववीत आहे. मित्राच्या भावाचे जुने प्लेस्टेशन विकायला निघाले होते आणि सोबत स्पायडरमॅनचा गेमही मिळणार होता. मुलगा म्हणाला, “आई, या गेमला शंभरपैकी सत्त्याऐंशी गुण आहेत!”

ताईंनी विचारले, “कोणी तपासला? आणि काय काय तपासलं? आमच्याकडे माल पास करताना नुसता शिक्का मारून चालत नाही. कुठे माप चुकलं, कुठे ओरखडा आला, तेही लिहावं लागतं.”

मुलगा गप्प झाला आणि खरे सांगायचे तर आम्हीही. घरी येऊन माहिती जमवली, ती वाचकांपुढे ठेवीत आहोत. असा वाद आज पुष्कळ घरांत होत असणार.

हा गेम अमेरिकेतल्या इन्सोम्नियाक गेम्स या कंपनीने बनवला आणि सोनी कंपनीने ७ सप्टेंबर २०१८ रोजी बाजारात आणला. न्यूयॉर्कमधला मॅनहॅटन हा भाग त्यात लहान आकारात उभा केलेला आहे. खेळणाऱ्याने ठरलेल्या वाटेनेच जावे असे बंधन नाही. जाळे फेकत इमारतींवरून वाटेल तिकडे फिरावे, वाटेल ते काम आधी करावे. अशा खेळाला ‘ओपन वर्ल्ड’, म्हणजे खुल्या जगाचा खेळ म्हणतात. पहिल्या तीन दिवसांतच त्याच्या ३३ लाख प्रती खपल्या.

आता ते ८७ गुण. मेटाक्रिटिक नावाची एक संस्था आहे. निरनिराळ्या समीक्षकांनी दिलेले गुण गोळा करून ती त्यांची सरासरी काढते. त्यातही काही समीक्षकांच्या मताला जास्त वजन दिले जाते. म्हणजे ८७ हा आकडा कोणा एकाचा निकाल नव्हे.

समीक्षकांनी वाखाणले काय? जाळ्यावरून झोके घेत फिरण्याची मजा, मारामारीतली चपळाई आणि गोष्ट. यातला पीटर पार्कर भाड्यापायी घर गमावणारा तरुण आहे, त्याची मे काकू बेघरांच्या निवाऱ्यात काम करते. हा माणुसकीचा भाग पुष्कळांना भावला. नावे काय ठेवली? तीच ती कामे पुन्हा पुन्हा करावी लागतात, आणि स्पायडरमॅन सोडून दुसरी पात्रे खेळताना लपतछपत जाण्याचे प्रसंग कंटाळवाणे होतात. काहींनी याहून खोल आक्षेप घेतला. गेममध्ये स्पायडरमॅन पोलिसांचे टेहळणीचे मनोरे दुरुस्त करीत हिंडतो. सगळ्या शहरावर नजर ठेवणारी यंत्रणा चांगलीच, असे यात धरून चालले आहे, पण ज्या वस्त्यांवर पोलिसांचा संशय आधीच असतो, त्यांना हे कसे वाटेल, असा तो प्रश्न होता. ८७ या आकड्यात हा प्रश्न कुठेच दिसत नाही. तो समजण्यासाठी लेखच वाचावा लागतो.

पुढचा गेम १२ नोव्हेंबर २०२० रोजी आला. त्याचा नायक माईल्स मोरालेस हा कृष्णवर्णीय बापाचा आणि पोर्टोरिकन आईचा मुलगा. तो हार्लेम वस्तीत राहायला येतो, आई नगर परिषदेची निवडणूक लढवत असते. या गेममध्ये माईल्सचा मित्र एक ॲप तयार करतो आणि वस्तीतली माणसे त्यावरून थेट मदत मागतात. टीकेमुळेच हे केले असे आम्ही म्हणणार नाही, पण फरक डोळ्यांत भरतो. लांबी कमी असल्याची तक्रार झाली, तरी नायकाचे आणि वस्तीच्या चित्रणाचे कौतुक झाले. त्याची सरासरी मात्र ८५, म्हणजे आधीच्यापेक्षा दोनने कमी!

नायकाचे नाव मोठे म्हणून गेम चांगला, असेही नाही. १९९९ साली निन्टेन्डो ६४ या यंत्रासाठी आलेला सुपरमॅनचा गेम आजवरच्या सर्वांत वाईट गेमांत मोजला जातो. २०२४ साली आलेल्या ‘सुइसाइड स्क्वॉड’ या खुल्या जगाच्या गेममध्ये बॅटमॅन, सुपरमॅन सगळे होते. त्याचत्याचपणामुळे तो आपटला आणि वॉर्नर ब्रदर्सला सुमारे २० कोटी डॉलरचा तोटा दाखवावा लागला.

या गुणांचा फटका कामगारालाही बसतो, हे आम्हाला नवीनच कळले. २०१० साली ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’ हा खुल्या जगाचा, पण महानायक नसलेला गेम आला. तो बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला मेटाक्रिटिकवर ८५ गुण आले तरच बोनस, असा करार होता. गुण आले ८४. एका गुणाने बोनस गेला, हे त्या कंपनीच्या एका प्रमुखानेच २०१२ साली जाहीरपणे सांगितले. दिवाळीच्या बोनसवर वर्षाचा हिशेब बांधणाऱ्या आपल्या घरांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

तेव्हा आई-वडिलांनी आकडा पाहून हुरळू नये आणि ‘गेम म्हणजे वाया गेलेला वेळ’ असे म्हणून दारही लावू नये. चार गोष्टी विचाराव्यात. गेम कोणत्या वयासाठी आहे? (स्पायडरमॅनचा पहिला गेम अमेरिकेत १३ वर्षांवरील मुलांसाठी ठरवलेला आहे.) समीक्षकांनी खोट कोणती काढली? त्यातला नायक कोणाच्या बाजूने उभा राहतो? आणि यंत्रासकट सगळा खर्च घरच्या महिन्यात बसतो का?

हे सारे आम्ही ताईंना सांगितले. त्यांनी मुलाला मित्राकडे दोन रविवार एकेक तास खेळू दिले आणि वहीचे एक पान दिले. एका बाजूला चांगले, दुसऱ्या बाजूला खोट. काल ते पान आम्ही पाहिले. चांगल्याच्या खाली सात ओळी होत्या. खोटीच्या खाली एकच : ‘चोर बदलतात, चोरी तीच.’ ताईंनी खाली सही केली आणि म्हणाल्या, “तपासणी झाली. खरेदीचं दिवाळीनंतर बघू.” मुलाने तोंड वाकडे केले, पण पान जपून ठेवले आहे.

आपल्या मुलांनाही असे पान लिहायला लावा आणि आमच्याकडे पाठवा. निवडक पाने येथे जरूर छापू.