पुडीवरचा ‘हर्बल’ शब्द आणि पार्लरमधील शिकाऊ हात

केस रंगविण्याचा विषय आपल्या त्रैमासिकात यावा, याचे काही वैद्यबंधू-भगिनींना नवल वाटेल. हा पार्लरवाल्यांचा प्रांत. वैद्याने त्यात कशाला लक्ष घालावे, असा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु पार्लरच्या फळीवर ज्या पुड्या दिसतात, त्यांतील बऱ्याच आपल्या औषधालयांतूनच तेथे पोहोचतात, आणि त्या कालवणारी व्यक्ती बहुधा अठरा-वीस वर्षांची शिकाऊ मुलगी असते. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत कॉस्मेटॉलॉजीचा अभ्यासक्रम आहे, खाजगी वर्गही आहेत. तथापि गावोगावच्या कित्येक मुली ताईंच्या हाताखाली बघून-बघूनच शिकतात. पुडीत काय आहे हे पुडी विकणाऱ्यानेच सांगितले नाही, तर त्या मुलीने सुरक्षितपणे काम शिकावे तरी कसे? माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर देणे हे पार्लरच्या मालकिणीइतकेच आपलेही काम आहे.

केशरंजन आपल्या शास्त्राला परके नाही. सुश्रुताचार्यांनी पालित्याची गणना क्षुद्ररोगांत केली आणि क्रोध, शोक व श्रम यांनी वाढलेली शरीरोष्मा व पित्त शिरोगत होऊन केस पिकवितात, अशी संप्राप्ती सांगितली. शार्ङ्गधरसंहितेच्या उत्तरखंडात केस काळे करणारे लेप आहेत. त्यांत त्रिफळा, नीली, भृंगराज आणि लोहचूर्ण ही द्रव्ये येतात. लोखंडी कढईत मेंदी व आवळकाठी रात्रभर भिजविण्याची आपल्या घरांतील पद्धत याच परंपरेतील. आवळा-हिरड्यातील कषाय द्रव्ये लोहाशी संयोग पावून काळा रंग देतात. जुन्या काळी शाईही अशीच केली जात असे.

आता वनस्पतींची मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. मेंदीतील लॉसोन हे रंगद्रव्य केसातील केराटिनला धरते आणि नारिंगी-तांबूस छटा देते. शुद्ध मेंदीने केस काळे होत नाहीत, आणि तिला रंगण्यास तासचे तास लागतात. नीलीचा रंग प्रथम हिरवट-निळा दिसतो व दिवस-दोन दिवसांत गडद होतो. म्हणून जी ‘काळी मेंदी’ अर्ध्या तासात कुळकुळीत काळे केस करून देते, तिच्यात मेंदीखेरीज काहीतरी आहे, हे धरूनच चालावे. ते ‘काहीतरी’ बहुधा पॅराफेनिलीनडायअमीन, म्हणजे पीपीडी असते. दुसरी गोष्ट, मेंदी असो वा माका, आपल्या वापरातील कोणतीही केश्य वनस्पती काळा केस सोनेरी करीत नाही. वनस्पती रंग चढवितात, उतरवीत नाहीत. ‘हर्बल हायलाइट’ म्हणून कोणी काही विकत असेल, तर ते एक तर निरुपयोगी आहे किंवा हर्बल नाही.

केस उजळ करावयाचा म्हणजे त्यातील मेलॅनिन हायड्रोजन पेरॉक्साइडने मोडावयाचे. आपल्याकडील काळा केस एकदम सोनेरी होत नाही. तो आधी तपकिरी-लाल, मग नारिंगी, मग पिवळा होतो, आणि प्रत्येक पायरीवर केसाचे बळ कमी होत जाते, कारण पेरॉक्साइड मेलॅनिनबरोबर केराटिनमधील गंधकाचे बंधही तोडते. शिकाऊ मुलीच्या हाती येणाऱ्या डेव्हलपरच्या बाटल्यांवर १०, २०, ३०, ४० व्हॉल्यूम असे आकडे असतात. त्यांचा अर्थ अनुक्रमे ३, ६, ९ व १२ टक्के पेरॉक्साइड. मोठा आकडा म्हणजे चांगला माल, अशी समजूत मी शिकणाऱ्यांकडून ऐकली आहे. ४० व्हॉल्यूमचे मिश्रण टाळूवर बसले तर ती भाजते, एवढे तरी त्यांना कोणी सांगावयास हवे. ब्लीचच्या भुकटीत पर्सल्फेट क्षार असतात. त्यांची धूळ श्वासात गेल्याने केशकर्तन व्यवसायातील लोकांना दमा जडतो, हे वैद्यकाला चांगले ठाऊक आहे. खिडकी नसलेल्या पोटमाळ्यावर दिवसभर भुकटी कालवणाऱ्या मुलीला खोकला झाला, तर आपण सितोपलादी देतो आणि धंदा विचारत नाही.

पीपीडीचा दोष वेगळ्या प्रकारचा आहे. त्याचे लहान रेणू केसात शिरतात व पेरॉक्साइडच्या संगतीने एकमेकांस जोडून मोठे रंगीत रेणू बनतात. म्हणून तो रंग धुऊन जात नाही. त्वचेवर मात्र तेच द्रव्य तीव्र अ‍ॅलर्जी उत्पन्न करू शकते. एकदा ती जडली की बहुधा जन्मभर राहते, आणि पुढील प्रत्येक संपर्कात पापण्या, कान, मान सुजून येतात. ग्राहकाचा संपर्क महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, शिकाऊ मुलीचा रोजचा.

अशीच एक एकोणीस वर्षांची मुलगी माझ्याकडे आली होती. दोन्ही हातांच्या बोटांना भेगा, स्राव, रात्री झोप न येऊ देणारी खाज. ती म्हणाली, “सर, मी तर केमिकलला हातच लावत नाही, फक्त हर्बल मेंदी लावते.” हातमोजे वापरत नव्हती, कारण हर्बलला मोजे कशाला? तिने आणलेल्या पुडीच्या दर्शनी बाजूस पानाफुलांचे चित्र होते. मागील बाजूस, भिंगाशिवाय वाचता येणार नाहीत अशा अक्षरांत, पीपीडी ही तीन अक्षरे होती. पुडी एका आयुर्वेदीय औषधालयातून ‘पूर्ण आयुर्वेदिक आहे’ असे सांगून दिली गेली होती. निदानपरिवर्जन ही आपली पहिली चिकित्सा. पण ज्या निदानाचे नावच रुग्णापासून लपविले, त्याचे परिवर्जन ती कसे करणार? ब्लीच आणि ‘केमिकल’ रंगाच्या वेळी हीच मुलगी न चुकता मोजे घालीत असे. तिला असुरक्षित केले ते त्या एका शब्दाने.

येथे कायदा मुळीच मुका नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मध्ये पीपीडीयुक्त केशरंगाच्या वेष्टनावर सावधानतेची सूचना इंग्रजी व स्थानिक भाषेत छापणे बंधनकारक केले होते, आणि २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांतही ती तरतूद कायम आहे. कानामागे किंवा हाताच्या आतील बाजूस थोडा रंग लावून आधी चाचणी घ्यावी, ती प्रत्येक वेळी घ्यावी, भुवया व पापण्यांना रंग लावू नये, असे त्यात सांगितले आहे. चाचणीसाठी नियमात २४ तास दिले आहेत; प्रतिक्रिया उशिरा उमटते, म्हणून ४८ तास थांबणे अधिक शहाणपणाचे. पण ‘हर्बल’ म्हटले की चाचणी गळते. शिवाय शुद्ध मेंदीही सर्वांना निर्धोक नाही. जी-६-पीडीची कमतरता असलेल्या बालकांत मेंदीच्या लेपानेही रक्तकण फुटल्याचे आढळले आहे.

आणखी एक मुद्दा खास आपल्या वर्गाला सांगण्यासारखा आहे, कारण पार्लरच्या वर्गांत तो शिकविला तरी त्यामागील कारण आपल्याच घरातील असते. लोह व तांबे यांचे अंश पेरॉक्साइडचे विघटन फार वेगाने घडवून आणतात. केसात धातूचे क्षार बसलेले असतील आणि वर ब्लीच लावले, तर केस गरम होतो, कधी वाफाळतो आणि हातात तुटून येतो. काही तयार काळ्या मेंद्यांत असे क्षार घातलेले असतात. आपला लोहचूर्णाचा लेप किंवा कढईतील मेंदी महिनोन्‌महिने लावणाऱ्या स्त्रीच्या केसातही लोह असतेच. ती पार्लरमध्ये जाऊन सांगते, ‘मी कधी रंग लावला नाही’. तिच्या दृष्टीने ते खरेच असते. कसलेली केशतज्ज्ञ अशा वेळी कापलेल्या केसांची एक बट २० व्हॉल्यूम पेरॉक्साइडचे वीस भाग व अमोनियाचा एक भाग अशा मिश्रणात अर्धा तास ठेवते. बुडबुडे आले, भांडे गरम झाले वा बटेचा रंग झपाट्याने बदलला, तर ब्लीच करावयाचे नाही. ही परीक्षा प्रत्येक शिकाऊ मुलीस यावी आणि आपणही तिची माहिती ठेवावी. लोहयुक्त लेप लिहून देताना ‘यावर ब्लीच करू नये’ एवढे एक वाक्य चिठ्ठीवर लिहिण्यास कितीसा वेळ लागतो?

याने विक्री घटेल, अशी शंका औषधालयचालक मित्र घेतील. घटेलही. काळी मेंदी खपते हे मला ठाऊक आहे, आणि ती विकूच नये असे माझे म्हणणे नाही. कायदेशीर सूचना असलेला केशरंग विकणे हा गुन्हा नव्हे. परंतु तो शुद्ध मेंदी, नीली व माक्याच्या फळीवर ठेवू नये, त्याची फळी निराळी असावी, आणि पार्लरसाठी घाऊक माल नेणाऱ्यास घटक वाचून दाखवावेत. ज्या पुडीवर घटकच छापलेले नाहीत, ती परत पाठवावी. शंका आल्यास थोडी पूड ओल्या पांढऱ्या कापडावर अर्धा तास ठेवून पाहावी. शुद्ध मेंदी कापड काळे करीत नाही. ही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे, पण विक्रेत्याला प्रश्न विचारण्यापुरती पुरेशी आहे.

संघटनेने एक साधे मराठी पत्रक काढावे, अशी माझी सूचना आहे. हातमोजे प्रत्येक ग्राहकामागे नवे घ्यावेत. भांडे धातूचे नसावे. मिश्रण झाकणबंद बाटलीत ठेवू नये, कारण ती फुटते. आधी उजळलेल्या केसावर पुन्हा ब्लीच ओढू नये. टाळूवर जखम वा पुरळ असता काम करू नये. आणि ‘मेंदी कोणती, कशात भिजवलेली’ हा प्रश्न प्रत्येकीस विचारावा. मजकूर आपल्यापैकी कोणीही वैद्य एखाद्या अनुभवी केशतज्ज्ञाला शेजारी बसवून एका दुपारी लिहू शकेल. मात्र अक्षर मोठे असावे आणि आकार आरशाच्या कडेला चिकटविता येईल एवढाच असावा.