काखेत कळसा, न्यूयॉर्कला वळसा

गेल्या वर्षी आमच्या विभागाबाहेरच्या फलकावर एक सूचना लागली होती. एका आंतरराष्ट्रीय विकास संस्थेत 'शासनव्यवहार आणि शांतता-उभारणी' या विषयावर संशोधन करण्यासाठी इंटर्न हवेत, अशी ती सूचना. मधल्या सुट्टीत पाचसहा जणांनी ती वाचली. एकाने विचारले, "शांतता उभारतात म्हणजे काय करतात रे?" दुसरा म्हणाला, "आपल्याकडे गणपतीच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते ना, तसंच काहीतरी, फक्त इंग्रजीत." सगळे हसले आणि तासाला गेले. अर्ज कोणीच केला नाही.

तो हशा माझ्या डोक्यातून गेला नाही. आपण एखाद्या गोष्टीला हसतो तेव्हा ती आपली नाही असे मनाशी ठरवून टाकलेले असते. पण शासन आणि शांतता हे विषय कर्जत तालुक्याचे नाहीत, असे कोण म्हणेल?

आधी त्या इंटर्नशिपविषयी दोन शब्द. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम ही या क्षेत्रातली सर्वांत परिचित संस्था. तिचे मुख्यालय न्यूयॉर्कला असून काम सुमारे १७० देशांत चालते. पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या किंवा पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तेथे काही आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत काम करता येते. अहवालांसाठी माहिती जमवणे, टिपणे काढणे, बैठकांची इतिवृत्ते लिहिणे अशी ती कामे असतात. पूर्वी हे बहुधा बिनपगारी असे. अलीकडे ही संस्था विद्यावेतन देऊ लागली आहे; पण राहण्याची सोय ज्याची त्यानेच करायची. २०१५ साली जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयात काम करणारा न्यूझीलंडचा एक तरुण घरभाडे परवडत नाही असे सांगून तंबूत राहत होता. त्याची बातमी जगभर गाजली. न्यूझीलंडच्या मुलाची ही कथा, तर मिरजगाव-राशीनहून एस.टी.च्या पासावर ये-जा करणाऱ्यांनी काय करावे?

म्हणून कोणी जाऊच नये, असे माझे म्हणणे नाही. ज्याला जमेल त्याने जरूर जावे. दिल्ली-न्यूयॉर्कच्या टेबलावर आपल्या भागाविषयी जे लिहिले जाते, ते लिहिणाऱ्यांत आपल्यातलाही कोणी असावा. माझे म्हणणे निराळे आहे. ज्या विषयाच्या अभ्यासासाठी तिकडे जायचे, तो विषय आपल्या दाराशी बसलेला आहे आणि आपण त्याच्याकडे पाहत नाही.

योहान गाल्टुंग या नॉर्वेजियन अभ्यासकाने १९६९ साली शांततेचे दोन प्रकार सांगितले. मारामारी थांबली, की होते ती नकारात्मक शांतता. मारामारीला कारण ठरणारा अन्याय दूर होतो, तेव्हा येते ती सकारात्मक शांतता. 'शांतता-उभारणी' हा शब्दही त्याने १९७५ मध्ये वापरला आणि १९९२ साली सरचिटणीस बुट्रोस घाली यांच्या अहवालामुळे तो संयुक्त राष्ट्रांत रूढ झाला. आता हा भेद घेऊन आपल्या गावात या.

१५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गृहमंत्री आर. आर. पाटील यांची ती कल्पना. ग्रामसभेने समिती निवडायची, बांधाचे, वाटणीचे, भांडणाचे तडजोडपात्र तंटे समितीने गावातच मिटवायचे आणि तंटामुक्त ठरलेल्या गावाला लोकसंख्येप्रमाणे बक्षीस मिळायचे. मोहीम चांगलीच होती. कोर्टाच्या खेपांत दोन-दोन पिढ्या घालवलेल्या कित्येक घरांची तिने सुटका केली. पण बक्षिसासाठी तंटे मिटलेले दाखवावे लागतात, आणि तंटा नोंदवलाच नाही, तर तोही कागदावर मिटल्यासारखाच दिसतो. समितीसमोर ज्याने अंगठा उठवला, त्याने तो राजीखुशीने उठवला की उद्या याच गावात राहायचे आहे म्हणून? गावाच्या वेशीवर लागलेली तंटामुक्तीची पाटी गाल्टुंगच्या कोणत्या शांततेची? हा संशोधनाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर न्यूयॉर्कमध्ये नाही.

याहून कठीण प्रश्नही आहे. तो टाळला तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. २०१४ साली शेजारच्या जामखेड तालुक्यात खर्डा येथे एका दलित कुटुंबातील विद्यार्थ्याचा खून झाला. १३ जुलै २०१६ रोजी आपल्याच तालुक्यात कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला आणि त्यानंतर राज्यभर लाखोंचे मूक मोर्चे निघाले. दोन्ही खटल्यांचे निकाल जिल्हा न्यायालयात २०१७ च्या नोव्हेंबरमध्येच लागले. कोपर्डीच्या तीन आरोपींना फाशीची शिक्षा झाली. खर्ड्याचे आरोपी निर्दोष सुटले, कारण अनेक साक्षीदार फितूर झाले होते. त्या दिवसांत आपल्या भागात किती गाड्या आल्या, किती कॅमेरे आले! वृत्तपत्रांचे रकाने भरले. पुढे गाड्या गेल्या आणि आपण उरलो. दोन आळ्यांमधले बोलणे कधी सुरू झाले, की अजून झालेच नाही? डोळ्यांनी पाहिलेला माणूस कोर्टात जाऊन "मी पाहिले नाही" असे का म्हणतो? त्याला भीती कशाची असते: जातीची, मजुरीची, की भावकीची? हे समजून घेतल्याखेरीज शांतता उभारणार कशी? या प्रश्नांवर आपण वर्गात बोलत नाही. कोणी विषय काढलाच, तर "जाऊ दे, वाद नको" म्हणतो. ही आपली नकारात्मक शांतता!

पाण्याचेही तसेच. येडगाव धरणातून निघणारा कुकडीचा डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा ओलांडून आपल्याकडे येतो. आवर्तन सुटले, की वरच्याला किती आणि टेलच्या शेतकऱ्याला किती यावरून दरवेळी ठिणगी पडते. २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना अधिकार दिले. त्यांतल्या किती संस्था खरोखर पाणी वाटतात आणि किती नुसत्या दप्तरात आहेत, हे मोजायला कोणी बाहेरचा तज्ज्ञ यावा लागतो काय?

आणि मार्ग दाखवणारी माणसेही जवळच होऊन गेली आहेत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावात कूपनलिका घ्यायची, तर ती दलित वस्तीत घ्यावी असा त्यांचा प्रयत्न असे. पाणी हवे, तर तेथे जावेच लागेल. शिवाशिवीवर भाषण न करता त्यांनी हापसा बसवला! ही शांतता-उभारणी नव्हे तर काय? आज परदेशातली मुले ते काम शिकायला जामखेडला येतात. आपल्यापैकी किती जण तिकडे जाऊन आले?

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणला आहे. पण कोणा ओळखीच्याकडून शिक्का मारलेला दाखला आणून श्रेयांक मिळवायचे, अशी पळवाट त्यात सहज निघू शकते. त्याऐवजी महाविद्यालयानेच तालुक्यापुरती इंटर्नशिप सुरू करावी. दोघादोघांच्या जोड्या कराव्यात. जमेल तेथे एक मुलगा, एक मुलगी असावी, आणि दोघांचेही ते स्वतःचे गाव नसावे. सहा आठवडे त्यांनी ग्रामसभेला बसावे, इतिवृत्ताची वही वाचावी, महिला ग्रामसभा खरोखर भरते की घरोघरी सह्या फिरतात हे पाहावे, तंटामुक्ती समितीकडे गेलेल्या माणसांना पुन्हा भेटावे, पारधी वस्तीवर जाऊन बोलावे. कोणाचेही नाव न छापता मराठीत अहवाल लिहावा, तो त्याच गावात वाचून दाखवावा, चुकले असेल ते गावकऱ्यांकडून दुरुस्त करून घ्यावे आणि एक प्रत ग्रंथालयात ठेवावी. दहा वर्षांत आपल्या ग्रंथालयात तालुक्याचा असा दस्तऐवज तयार होईल, की दिल्लीच्या संशोधकाला तो पाहायला कर्जतला यावे लागेल.

यावर आक्षेप येईल, की इथल्या मुलांना तटस्थ राहता येणार नाही. आपण सारे कुठल्या ना कुठल्या जातीचे, भावकीचे, गटाचे. आक्षेप खरा आहे. बाहेरून येणारा तटस्थ असतो, कारण त्याला परत जायचे असते. आपल्याला इथेच राहायचे आहे. म्हणूनच जोडीत दोन निराळ्या समाजांतली मुले असावीत, आणि अहवालाच्या पहिल्या पानावर आपण कोण, कुठून आलो, कोणाच्या घरी चहा घेतला, हे लिहावे. आपला कल लपवण्यापेक्षा सांगून टाकणे अधिक प्रामाणिक. शिवाय सहा आठवडे एकत्र हिंडलेल्या त्या दोघांत जी समजूत तयार होईल, तीही काही थोडी नव्हे.

प्राध्यापकांवर आधीच कामाचा भार आहे, हे आम्हांला दिसते. खर्च मात्र फार नाही: एस.टी.चे भाडे, वह्या आणि दुपारची भाकरी. भाकरी तर गावात मिळेलच.

इंटर्नशिपला शासकीय मराठीत 'आंतरवासिता' म्हणतात. शब्द जड आहे, पण अर्थ मोठा चांगला आहे: आत राहून शिकणे. त्या न्यायाने आपण जन्मतःच आंतरवासी आहोत. शिकायचे तेवढे राहून गेले आहे.

फलकावरची ती सूचना यंदाही लागेल. या वेळी आपल्यातल्या कोणीतरी अर्ज करावा, आणि 'पूर्वानुभव' या रकान्यात निःसंकोच लिहावे, "तालुका कर्जत, सहा आठवडे."