न नोंदलेला घसारा

म्हैसूरच्या हेब्बाळ औद्योगिक वसाहतीत बँकेचे काम करताना यंत्रांच्या कर्जाची प्रकरणे नित्याची असतात. यंत्र झिजते, म्हणून दरवर्षी घसारा धरावा, हे प्रत्येक उद्योजक जाणतो. आसपासच्या गावांतून वराहपालनाचा प्रकल्प अहवाल येतो, तेव्हा मात्र त्यात शेड, पैदाशीच्या माद्या, खाद्य व विमा यांचे आकडे काटेकोर असतात आणि जंतांचा खर्च ‘औषधे व किरकोळ’ या सदरात लुप्त झालेला असतो. माझ्या मते ही किरकोळ त्रुटी नव्हे.

डुकरांच्या आतड्यातील मोठा गोलकृमी दिवसाला लाखो अंडी घालतो. ती विष्ठेवाटे बाहेर पडतात आणि मातीत कित्येक वर्षे तग धरतात. पोटात गेलेल्या अंड्यातून निघालेली अळी यकृत व फुफ्फुसांतून प्रवास करीत पुन्हा आतड्यात येते. यकृतावर पांढरे डाग पडतात, पिल्ले खोकतात, त्यांची वाढ खुंटते. पैदाशीची मादी मात्र वरकरणी धडधाकट दिसते आणि प्रत्येक वेतातील पिल्लांना हा वारसा देत राहते. काही सूत्रकृमी तर तिच्या दुधावाटेच पिल्लांच्या पोटात उतरतात.

बँकेच्या दृष्टीने खरी अडचण येथेच आहे. विम्याची भरपाई प्रामुख्याने जनावराच्या मृत्यूवर मिळते. जंत सहसा जनावर मारीत नाहीत, ते खाद्य खातात. वराहपालनात सर्वांत मोठा खर्च खाद्याचाच. विक्रीचे वजन गाठण्यास जितके दिवस अधिक, तितके खाद्य अधिक आणि हप्ता तितका लांबणीवर. जनावरे जिवंत, तारण शाबूत, तरीही खाते थकीत, असा हा प्रकार आहे.

उपाय महागडे नाहीत. मादीचा गर्भकाळ सुमारे ११४ दिवसांचा असतो. पशुवैद्यांच्या सल्ल्याने विण्यापूर्वी साधारण दोन आठवडे जंतनाशक द्यावे, तिला स्वच्छ धुऊनच प्रसूतिकक्षात न्यावे, नरांनाही वगळू नये. अंडे संसर्गक्षम होण्यास काही आठवडे लागतात. म्हणून विष्ठा रोज उचलणे हेच सर्वांत स्वस्त औषध. वेळोवेळी विष्ठेची तपासणी केल्यास औषध लागू पडते की नाही, हेही कळते.

राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या २०२१-२२ मधील सुधारित स्वरूपात १०० माद्या व १० नरांच्या प्रकल्पास भांडवली खर्चाच्या ५० टक्के, कमाल ३० लाख रुपये अनुदानाची तरतूद झाली. एवढा सार्वजनिक पैसा गुंतत असता जंतनियंत्रणाचे वेळापत्रक व विष्ठा-तपासणीचा अहवाल कर्जप्रकरणात असावा, असे मला आग्रहाने वाटते. ‘बँकेने हिशेब पाहावा, जनावरांचे पोट पशुवैद्य पाहतील,’ असे कोणी म्हणेल. परंतु हिशेब बिघडतो तो त्या पोटातच. ही अट कर्जदारावरील ओझे न ठरता त्याचे संरक्षणच ठरेल.

बंगळूरमध्येही एक हेब्बाळ आहे. तेथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आमच्या हेब्बाळात कारखाने आहेत. एकाची पशुविद्या आणि दुसऱ्याची घसारा मोजण्याची शिस्त कर्जाच्या एकाच फाइलीत एकत्र आली, तर शेतकऱ्याचे कष्ट जंतांच्या मुखी जाणार नाहीत.