मळलेली वाट

नवी वाट पाडणें हें पराक्रमाचें लक्षण होय, असें आम्ही नेहमीं ऐकतों. परंतु डोंगरांत हा न्याय लागू नाहीं, असें आमचें मत आहे. साम्रद गांवाजवळील सांदण दरींत दोर लावून उतरावयास पुष्कळ मंडळी जातात. अशा ठिकाणीं एकानें वळण चुकविण्याकरितां गवतांतून आडवाट धरिली, कीं मागील दहाजण तीच धरितात. गवताचीं मुळें मरतात, माती दबते, पावसाचें पाणी न मुरतां त्याच रेघेनें धांवतें व घळ पडते. सह्याद्रीच्या कातळावरील मातीचा थर पातळ. तो गेला, कीं गांवकऱ्यांच्या गुरांचा चाराहि गेला. म्हणून, विद्यार्थिमित्रहो, मळलेल्या वाटेनेंच दरींत उतरावें. ती संपतांच खडकांवरून चालावें. आमच्या दोन घटकांच्या मौजेसाठीं दुसऱ्याचें कुरण वाहून जाऊं नये.