शुद्ध हवेतला खोकला

गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडला, पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावतीच्या संगमावर आलेला पाहुणा पहिलं वाक्य ठरलेलंच बोलतो, "हवा काय मस्त आहे इथली!" आहेच. चंद्रपूरहून आलेल्याला तर ती जास्तच जाणवते. तिकडे 2920 मेगावॅटचं वीजकेंद्र, कोळशाच्या खाणी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्येच चंद्रपूरला देशातल्या अतिप्रदूषित पट्ट्यांत बसवलं. चंद्रपुरात कुणी खोकलं तर कारण कुणी विचारत नाही. भामरागडात कुणी खोकलं की कारण सापडत नाही.

मग पहिली शंका टीबीची. ती घ्यायलाच हवी, त्यात चूक काही नाही. पण थुंकी तपासली, निगेटिव्ह आली, की बाईला खोकल्याचं औषध देऊन घरी पाठवतात. पावसाळ्यात खोकला वाढतो, थंडीत दम लागतो, मग पुजारी, मग पुन्हा दवाखाना. चाळिशी उलटलेली बाई चढावर थांबायला लागते आणि घरचे म्हणतात, वय झालं.

हा आजार म्हणजे सीओपीडी. श्वासनळ्या कायमच्या आकसतात, फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंती फाटतात, आत गेलेली हवा नीट बाहेर पडत नाही. दमा येतो-जातो, हा येतो आणि राहतो. गेलेलं फुप्फुस परत मिळत नाही, पण वेळेवर औषध मिळालं तर त्रास कमी होतो आणि दवाखान्यातल्या फेऱ्याही. 2016 मध्ये भारतात याचे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये छापून आला आहे. नोव्हेंबरच्या तिसऱ्या बुधवारी या आजाराचा जागतिक दिवस पाळतात, आणि बहुतेक पोस्टरवर काट मारलेली सिगारेट असते. भामरागडच्या बाईने ते पाहून काय समजायचं? ती सिगारेट ओढत नाही. तंबाखू-सुपारीचा खर्रा खात असेल. त्याने तोंडाचा कॅन्सर होतो, तो वेगळा विषय. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत 2009 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये नेमकं हेच मांडलं होतं: जगात धूम्रपान न करणाऱ्यांनाही सीओपीडी मोठ्या प्रमाणावर होतो, आणि त्यामागे चुलीचा धूर हे मोठं कारण आहे.

चूल जवळून पाहा. कुडाची भिंत, उतरतं छप्पर, खिडकी नाहीच किंवा नावापुरती. पावसात लाकूड ओलं, ते पेटत नाही, नुसतं धुमसतं. बाई गुडघ्यांवर वाकते, तोंड जाळापासून वीतभर अंतरावर आणते, फुंकणीतून फुंकते आणि पुढचा श्वास त्याच धुरातून घेते. पाठीवर किंवा मांडीवर लेकरू असतं, तेही तोच घेतं. हे रोज, दोन्ही वेळा, लग्नाआधीपासून. बाहेरच्या शुद्ध हवेचा या खोलीशी संबंध नाही. मार्चमध्ये मोहफुलं वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, थंडीत रात्रभर शेकोटी असते. ते वेगळंच.

इथवर आलं की शहरातला माणूस म्हणतो, मग चूल बंद करा, गॅस घ्या. इतकं सोपं असतं तर उज्ज्वला योजनेनंतर, म्हणजे 2016 नंतर, हा लेख लिहायची वेळ आली नसती. सिलिंडरमागचं अनुदान धरूनही तो भरून आणायचा तर पैसे रोख लागतात आणि गाडीभाडं वेगळं. सरपण मात्र घरामागच्या जंगलात आहे. शिवाय धूर इथे कामाचा आहे. छपराच्या बांबूला भुंगा लागत नाही, आढ्याला टांगलेलं बियाणं टिकतं, आणि मलेरियाच्या या मुलखात डासही पळतात. ज्या घरात मलेरियाने माणूस गेलं आहे, तिथे धुराच्या विरोधात भाषण करायला मला तरी तोंड नाही. निदान चूल पडवीत आणा, छपराला धूर जायला वाट ठेवा, सरपण पावसाआधी वाळवून आत घ्या, मच्छरदाणी वापरा, एवढं मात्र सांगता येतं.

विडीचंही तसंच. मे महिन्यात तेंदूपत्त्याचे फड लागतात, सत्तर पानांचा एकेक पुडा बांधून घरात वर्षाची रोकड येते. ते पान कुणाच्या छातीत जातं, हा प्रश्न खरा आहे. पण तो पान तोडणाऱ्याला विचारण्यात अर्थ नाही.

मग करायचं काय? याचं उत्तर शोधायला गडचिरोलीने बाहेर जायची गरज नाही. याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने निरक्षर दाईलाही बाळाचे मिनिटातले श्वास मोजता यावेत म्हणून मणी सरकवायचं साधन बनवलं. न्यूमोनियाचे उपचार गावातच दिले आणि न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून खाली आले. 1990 मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं. हेमलकशाचा दवाखाना 1973 पासून आहे. श्वासाकडे लक्ष देण्याची विद्या इथे आहे, ती आजवर बाळांसाठी वापरली.

मोठ्या माणसासाठी तर मणीही नकोत. एक प्रश्न पुरतो: बरोबरीच्या बायकांसोबत सपाट वाटेने पाण्याला जाताना तू मागे पडतेस का? हो म्हणाली तर पुढची तपासणी. आशाताईंच्या फॉर्ममध्ये स्वयंपाकाचं इंधन कोणतं, धाप लागते का, हे आधीच विचारलेलं असतं. राष्ट्रीय असंसर्गजन्य आजार कार्यक्रमातही सीओपीडी धरलेला आहे. पण खूण करून फॉर्म पुढे गेला की बाईच्या हाती काय? निदान होतं स्पायरोमीटरवर: छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत जोरात, किमान सहा सेकंद फुंकायचं. जन्मभर फुंकणी फुंकलेल्या बाईला हे शिकवावं लागणार नाही. यंत्र तिच्यापर्यंत पोचवावं लागेल. पावणेदोनशे किलोमीटरवरच्या गडचिरोलीला ती फुंकायला जाणार नाही.

औषधाचं म्हणाल तर इनहेलरला लोक भितात, गोळी-इंजेक्शनवर भरवसा जास्त. त्यात पंप दाबायची आणि श्वास ओढायची वेळ जुळत नाही, औषध घशातच बसतं. त्यावर स्पेसर, म्हणजे इनहेलर आणि तोंडाच्या मध्ये धरायची पोकळ नळी, लागतो. नसेल तर अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली बुडाशी कापून इनहेलरच्या मापाचं भोक पाडलं तरी चालतं. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी 1999 मध्ये दम्याच्या मुलांवर असा घरगुती स्पेसर तपासून पाहिला आहे.

आणि पावसाळा. पर्लकोटाच्या पुलावर पाणी चढलं की भामरागड तुटतं. म्हणूनच दुर्गम गावांचं चार महिन्यांचं रेशन आधी पोचवायची पद्धत इथे जुनी आहे, गरोदर बाईला दिवस भरायच्या आत आरोग्य केंद्राच्या माहेरघरात आणायचीही. पावसाळ्याआधीच्या या तयारीच्या यादीत धाप लागणाऱ्यांची नावं घालावीत, आणि तांदळाच्या त्याच गाडीत, मे संपायच्या आत, चार महिन्यांचे इनहेलर जावेत.